पंडिता रमाबाईंची श्रद्धा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक भगिनींनी मला सांगितले, तेव्हा जिजाबाई, अहल्याबाई, सावित्रीबाई ही नावे आधीच वाटली गेली होती. मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. त्यावर बाई विदुषी खऱ्या, पण त्या ख्रिस्ती झाल्या ना, असे एका भगिनीने विचारले. झाल्या. आणि तेवढे वगळून त्यांचे चरित्र लिहिणे म्हणजे पीठ बाजूला ठेवून भाकरी थापण्यासारखे आहे. तेव्हा तेही लिहीन, असे मी कबूल करून घेतले आणि मगच लेखणी हाती धरली.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु आमच्या गल्लीत एक सेवानिवृत्त परिचारिका राहतात. सगळे हिंगोलीकर त्यांना सिस्टर म्हणूनच ओळखतात. रमाबाईंचे चरित्र वाचताना जेथे जेथे मी अडले तेथे तेथे त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांच्या धर्मात हे कसे मानतात ते विचारून घेतले. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. हेच नाव मी का निवडले, त्याला एक घरचे कारण आहे. ते शेवटी सांगेन.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात, पश्चिम घाटातील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी त्यांचे गुरू पेशव्यांच्या राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. ते ऐकून, ही विद्या आपल्या घरच्या बाईलाही यावी असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे गोदावरीच्या काठी त्यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना त्यांनी संस्कृत शिकविले. लोकांनी आक्षेप घेतला तेव्हा शास्त्राधार दाखविले आणि अखेर गाव सोडून रानात बिऱ्हाड केले. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे धाकट्या रमेला पहाटे उठवून, घरातली कामे सुरू होण्याआधी मांडीशी घेऊन शिकविले. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला लहानपणीच मुखोद्गत झाले.

आल्यागेल्या यात्रेकरूंचे आतिथ्य करण्यात अनंतशास्त्र्यांची मालमत्ता संपली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा काही महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना नेत. गावोगावच्या देवळांत पुराण सांगावे आणि लोक जे धान्य, फळे, नाणी ठेवतील त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. औंढ्याच्या देवळात पुराण ऐकायला बसलेल्या आपल्या आया-आज्यांना हे चित्र नवे वाटले नसते.

पुढे मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. उपास, अनुष्ठाने, दानदक्षिणा, जे जे सांगितले होते ते सर्व या कुटुंबाने केले होते. शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. आधी वडील गेले, मग आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा ठेंगण्या बांध्याच्या रमाबाईंनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. मरताना वडिलांनी मुलीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपविले होते. देव कोणता, हा प्रश्न मात्र पुढे कितीतरी वर्षे रमाबाईंच्या मनात राहिला.

भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच एका ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेस त्या प्रथम गेल्या. माणसे खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसली आहेत हे पाहून, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे भावंडांना वाटले! एक संस्कृत बायबलही त्यांना भेट मिळाले, पण त्यातले त्यांना तेव्हा काही उमगले नाही. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचविले. शास्त्रग्रंथ मुळातून वाचल्यावर त्यांनी आपल्यापुरता एक निष्कर्ष काढला. इतर बाबतीत ग्रंथांत मतभेद असले, तरी स्त्रीला आणि शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्षाची वाट मोकळी नाही, याविषयी ते एकमत आहेत असे त्यांना दिसले. हा निष्कर्ष आपण सर्वांनी मानावा असे नाही. आपल्या या भागात तर नामदेव, जनाबाईंनी वेगळीच वाट दाखवून ठेवली आहे. पण रमाबाईंच्या मनाला तो काटा लागला तो लागला.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. सिल्चरला त्यांचा संसार सुखाचा झाला. तेथे घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत त्यांच्या हाती आली आणि त्यांना ती आवडली. त्या ख्रिस्ती होतील ही कल्पना मात्र पतीला रुचली नाही. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा, सर्वांना पोचवून ही बाई तान्ह्या मुलीसह पुण्यास आली.

पुण्यात १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणावयाची. त्याच वर्षी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असे आग्रहाने मांडले. आपणच डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो बेत फसला. पण वॉन्टेज या गावी ज्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या उतरल्या, तेथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले.

या भगिनींची लंडनजवळ फुलम येथे एक शाखा होती. रमाबाईंना तेथे पाठविण्यात आले. ज्यांना समाज पतित म्हणतो अशा स्त्रियांना तेथे घर दिले जात असे, काम शिकविले जात असे, आणि कोणी त्यांच्याकडे तिरस्काराने पाहत नसे. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना जवळ करणे हा धर्म होऊ शकतो, हे त्यांनी पूर्वी कोठे पाहिले नव्हते. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या बाईची गोष्ट वाचून दाखविली.

ती गोष्ट आपणही ऐकण्यासारखी आहे. येशू वाटेने थकून शोमरोन प्रांतातील एका विहिरीपाशी बसला होता. वेळ भर दुपारची. एक बाई घागर घेऊन आली. भगिनींनो, पाण्याला बायका सकाळ-संध्याकाळ घोळक्याने जातात. भर उन्हात एकटीच जाणारी बाई कोण असते, ते आपणांस सांगावयास नको. तिचे पाच नवरे झाले होते आणि आता ज्याच्या घरी ती होती तो तिचा नवरा नव्हता. शिवाय यहुदी लोक शोमरोनी माणसाच्या हातचे पाणी पीत नसत. येशूने तिच्याजवळ पाणी मागितले. तिचे सर्व आयुष्य त्याला ठाऊक होते, तसे त्याने तिला बोलूनही दाखविले, पण दूर हो असे म्हटले नाही. उलट, पुन्हा तहान लागू न देणारे जिवंत पाणी तो तिला देऊ करतो. देवाची उपासना या डोंगरावर करावी की त्या यरुशलेम शहरात, या तिच्या प्रश्नावर तो सांगतो की ती आत्म्याने व खरेपणाने करावयाची असते, जागेचे महत्त्व नाही. आणि ती बाई घागर तेथेच टाकून ज्या गावाला तोंड चुकवीत होती त्याच गावात सांगत सुटते.

औंढ्याला आपण जातो, तेव्हा नंदी देवळाच्या मागच्या बाजूला का, असे मुले विचारतात. आपण सांगतो की नामदेवांना कीर्तन करताना मागे हाकलले, तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने आपले तोंड नामदेवांकडे केले. ही कथा ज्या मातीत सांगितली जाते तिला विहिरीवरच्या बाईची गोष्ट परकी वाटू नये. रमाबाईंनी ती ऐकली आणि स्त्रीजातीला उचलून धरणारा कोणी असेल तर तो हा येशू, असे त्यांना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथे ख्रिस्ती लोक येशूविषयी काय मानतात ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सिस्टरांनी मला ते जसे सांगितले तसे लिहिते. देव एक आहे. माणसाच्या पापाने माणूस देवापासून दुरावला, आणि स्वतःच्या पुण्याईने ते अंतर भरून काढणे त्याला शक्य नाही. म्हणून देवाचा पुत्र येशू मरियेच्या पोटी बेथलेहेमात माणूस होऊन जन्मला. तो नासरेथ गावच्या सुताराच्या घरी वाढला, गोरगरिबांत आणि रोग्यांत वावरला, आणि पंतय पिलात या रोमी सुभेदाराच्या आज्ञेने वधस्तंभावर मारला गेला. ते मरण त्याने सर्वांच्या पापांसाठी स्वतःवर घेतले. तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला. जो त्याच्यावर भाव ठेवतो त्याला क्षमा मिळते, ती कमाई म्हणून नव्हे तर देणगी म्हणून. जनीबरोबर दळू लागणारा विठ्ठल आपल्याला ठाऊक आहे. ख्रिस्ती माणूस म्हणतो की देव आमच्यासाठी एकदाच खरोखरीचा माणूस झाला, आमचे दुःख भोगून मेला आणि उठला.

हे सर्व रमाबाईंनी एका घोटात गिळले असे नाही. त्यांचा पिंड पंडिताचा. येशू देव कसा, एकाच देवात तिघे कसे, यावर त्यांनी वॉन्टेजच्या भगिनींशी वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घातला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असे विचारले. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारीच राहिल्या आणि साडी सोडली नाही. पाद्री सांगतात म्हणून मानावयाचे, तर शास्त्री सांगत होते ते काय वाईट होते, असा त्यांचा रोख असे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नव्हता. नियम पाळून आपण आपली योग्यता सिद्ध करू पाहत होतो. क्षमा आधी मिळते आणि चांगले वागणे मागून येते, हा उलटा क्रम त्यांच्या मनाला तेव्हा पटला. त्यांच्या पुढच्या सर्व कार्याची किल्ली मला येथे सापडते.

मधल्या काळात १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो पदवीदान समारंभ त्यांनी पाहिला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी साहाय्य जमविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. मुलींना आपापले आचार पाळता येत. पण रमाबाई दार न लावता प्रार्थना करीत आणि काही मुली जवळ येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पुष्कळ पालकांनी मुली नेल्या. विश्वासाने मुलगी सोपविलेल्या पालकांचा राग समजण्यासारखा होता. आणि आपली श्रद्धा घरातल्या घरात लपवून ठेवणे रमाबाईंना जमण्यासारखे नव्हते.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला, तेव्हा रमाबाईंना आपले आईबाप आठवले. त्या तेथे गेल्या आणि भुकेने सांगाडा झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून दौंड-पुणे मार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या घातल्या. हेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली.

दोन हजार माणसांचा स्वयंपाक, भगिनींनो! आपल्याकडे भंडाऱ्याला एक दिवस दोनशे पाने उठवायची म्हणजे आपण चार दिवस आधी डाळ-तांदूळ निवडतो. तेथे ते रोजचे होते. विहिरी खणल्या, शेते केली, गाई पाळल्या, हातमाग घातले, तेलाचा घाणा चालविला. आंधळ्या बायकांसाठी निराळे घर होते. त्यांना बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी मनोरमेने शिकविली. म्हाताऱ्यांसाठी घर होते. आणि फुलमची आठवण म्हणून की काय, वाट चुकलेल्या, फसविल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होते. नावही पाहा. सुधारणागृह किंवा चौकशीगृह असे ते नव्हते. कृपा, म्हणजे जी मागितल्यावाचून आणि लायकी न पाहता मिळते ती. वधस्तंभावरची क्षमा ही रमाबाईंच्या दृष्टीने रविवारी म्हणावयाची गोष्ट नव्हती. दाराशी आलेल्या बाईला आधी आत घेणे, आंघोळ आणि जेवण देणे, मग हाताला काम देणे, तिची कहाणी तिला वाटेल तेव्हा ऐकणे, असे तिचे रोजचे रूप होते.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. पूर्वीच्या भाषांतरांतील अवघड शब्द साध्या बाईला कळत नाहीत, म्हणून त्यांनी सोपी बोली धरली. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीच्या बायकांनीच केली. आपल्या मराठवाड्याशीही या घराचा एक धागा आहे. मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. तेव्हा गुलबर्गा आणि हिंगोली दोन्ही निजामाच्याच राज्यात होती.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस. जिला उभा व्याप सोपवावयाचा ती एकुलती लेक गेली. सर्वांना पोचवून उरलेल्या या बाईने हे कसे सोसले असेल, असे मी सिस्टरांना विचारले. त्या म्हणाल्या की येशू उठला यावर आमची भिस्त आहे, म्हणून मरण हा आम्हांला शेवट वाटत नाही, पण रडू आम्हांलाही येते. रमाबाईंनी मुलीनंतर आठ-नऊ महिने काम चालविले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच देह ठेवला. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

आता ते घरचे कारण. काही वर्षांपूर्वी मी आपल्या मंडळाची चिटणीस असताना श्रावणात एक तरुण बाई शिवणवर्गाची चौकशी करायला आली. कडेवर लेकरू होते. नवऱ्याने टाकलेली, आणि गावात तिच्याविषयी काहीबाही बोलले जात होते. आम्ही चौघी-पाचजणींनी एकमेकींकडे पाहिले. मी वहीत तिचे नाव लिहिले नाही. कार्यकारिणीत विचार करून कळवू, पुढल्या महिन्यात ये, असे मी तिला सांगितले. ती बरे म्हणाली, लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेतले आणि गेली. पुढल्या महिन्यात ती आली नाही. नंतरही कधी आली नाही. वर्गात दोन शिलाई-यंत्रे तेव्हा रिकामी होती.

रमाबाईंचे चरित्र वाचताना विहिरीवरच्या बाईपाशी आले आणि माझे वाचन थांबले. त्या गोष्टीत घागर घेऊन येणारी बाई मला दिसेना. दिसू लागल्या त्या सकाळी घोळक्याने पाणी भरून गेलेल्या बायका, जिच्यामुळे ती दुपारी येत असे. त्यांत मी होते.

यासाठी कोणी धर्म बदलावा असे मी सुचवीत नाही, आणि सिस्टरांनीही मला तसे कधी सुचविले नाही. रमाबाईंच्या श्रद्धेतले एवढेच मला आपल्या रोजच्या उपयोगाचे वाटते की आधी आत घ्यावे आणि मग विचारावे. म्हणून या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. आपल्या शिवणवर्गाच्या अर्जात शिफारस करणाऱ्या दोन सभासदांची नावे लागतात, ती अट काढून टाकावी. येत्या सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. त्याला अनुमोदन द्यायला कोणीतरी भगिनी उठेल, अशी मला आशा आहे.